गोधडीचा घास

गोधड्या परत आल्या तेव्हा आई शेडच्या मागं शेळीला पाला टाकत होती. विद्यापीठाच्या आवारात जनावर बांधायचं नाही, अशी तिथं पाटी होती. आईला वाचता येत नव्हतं आणि शेळीला तर त्याहून येत नव्हतं, त्यामुळे पाटी आणि शेळी दोघी एकाच खांबाला गुण्यागोविंदानं राहत होत्या.

टेम्पो थांबला, मागचा फाळका धाडकन खाली पडला. मला आधी वाटलं, जुन्या लुगड्यांचे नवे गठ्ठे आले. मग निळ्या काठाची गोधडी दिसली. ती माझ्या हातची होती. परवाच तिला हळदकुंकू लावून, लेकीला सासरी धाडावी तशी आम्ही बायकांनी एका मोठ्या हॉटेलाकडे रवाना केली होती.

पुढच्या सीटवरून भोईटे मॅडम उतरल्या. त्या विद्यापीठात शिकवायच्या आणि बायकांचं हे केंद्रही त्याच चालवायच्या. एरवी लांबूनच ओरडायच्या, "काय मंडळी, चहा झाला का?" त्या दिवशी चहाचं नाव नाही. म्हणाल्या, "मुक्ता, सगळ्यांना आत बोलव. आईलाही."

आम्ही गोळा झालो. मॅडमनी एक गोधडी जमिनीवर पसरली. तिचा एक कोपरा कुणीतरी पात्यानं कापला होता. मॅडमनी तो उलटा करून झटकला. आतून तपकिरी भुगा पडला आणि त्याच्यामागून मुंग्या निघाल्या. एकामागून एक, चांगल्या धष्टपुष्ट.

"हे काय आहे?"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. छबूकाकीला अशा वेळी हटकून हसू येतं. तिनं पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "घास हाय की मॅडम."

"कसला घास?"

"गोधडीचा."

मॅडम तिथंच गोधडीवर खाली बसल्या.

आता तुम्हाला सांगायला हवं. आमच्या खडकओढ्यात गोधडी शिवून झाली की शेवटचा कोपरा मिटायच्या आधी आत घास ठेवतात. जोंधळ्याचे चार दाणे नाही तर भाकरीचा तुकडा. गोधडी जन्मभर माणसाला ऊब देणार, तिला उपाशी कसं पाठवायचं? माझी आई, अनसाबाई, तसंच करायची. तिची आई तसंच करायची. कुणी कधी विचारलं नाही, कुणी कधी सांगितलं नाही. मॅडमनी आमच्याकडून कापड कसं निवडावं, टाका किती बारीक घ्यावा, वास जायला ऊन किती द्यावं, सगळं घोकून घेतलं होतं. घासाचं त्यांना कुणी बोललंच नाही. बोलायचं असतं हे आम्हाला तरी कुठं ठाऊक होतं? भात शिजवताना पाणी घालतात हे कुणी मुद्दाम सांगतं का?

बरं, घरच्या गोधडीत दाणे घालतात. आईनं इथं गूळभाकरी घातली होती. टेम्पोभर गोधड्यांत, प्रत्येकीत. म्हणाली होती, लांबच्या मोठ्या लोकांत जाणार आहेत, गोड घास देऊ.

"हॉटेलवाल्यांनी पाहुण्यांच्या खोलीत दोन गोधड्या अंथरल्या," मॅडम सांगत होत्या. "पाहुणीच्या अंगावर मुंग्या चढल्या. पोराला चावल्या. हॉटेलात नुसता गोंधळ. त्यांनी सगळा माल परत केला. मी हातापाया पडून मुदत मागून घेतली आहे. शनिवारी सगळ्या गोधड्या साफ करून पोचवायच्या. नाताळचे पाहुणे त्यांच्यावरच झोपणार आहेत. शनिवारी नाही गेल्या तर ऑर्डर रद्द."

मॅडम हे सांगत होत्या तो वार गुरुवार.

"मग काय, उसवू, झटकू, परत शिवू," छबूकाकी म्हणाली. "कोपराच तर हाय. हात चालवला तर उद्या संध्याकाळपतूर व्हतंय."

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. माझा तर जास्तच. आणि तेवढ्यात दारातून आईचा आवाज आला.

"आन् उपाशी धाडायच्या?"

*

हल्ली विद्यापीठातली पोरं-पोरी वर्षातून एकदा आमच्याकडे येतात, सामाजिक उद्योजकता शिकायला. वह्या उघडून बसतात आणि विचारतात, "ताई, तुमच्या प्रवासातला टर्निंग पॉइंट कोणता?" मी सांगते, मुंग्या. पोरं हसतात आणि लिहून घेत नाहीत. मग मी त्यांना कर्ज, प्रशिक्षण, बाजारपेठ असं काहीबाही सांगते. ते मात्र भराभरा लिहून घेतात.

पण तेव्हा माझं सगळं त्या टेम्पोत होतं. मी पंचमीला माहेरी आले होते आणि परत गेले नव्हते. येताना लग्नातली गोधडी पिशवीत कोंबून आणली होती, म्हणजे मनातून आधीच ठरलं असणार. सासरी मला कुणी मारलं नाही. सासूनं कधी शिवीसुद्धा दिली नाही. तिची एकच तऱ्हा होती. सगळ्यांचं झालं की मी जेवायला बसायचे. माझी एक भाकरी संपली की ती भाकऱ्यांच्या दुरडीवर फडकं टाकायची आणि विचारायची, "भरलं ना पोट?" मी म्हणायचे, "भरलं." तिथं दुसरं उत्तर चालत नव्हतं. नवरा समोर बसलेला असायचा, त्याला कधी काही दिसलं नाही. दोन वर्षांत माझ्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या.

दादानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, मला बघून कपाळावर हात मारला होता. पण त्याचाही संसार होता, कोरडवाहू जमीन होती, आणि वहिनीची भांडी आदळायला लागली होती. सासऱ्यांचा निरोप आला होता, रविवारी मुक्ताला न्यायला येतो. दादा म्हणाला, "तुला विद्यापीठात कायमचं काम लागलं, तर तू कुठं जायाची न्हाईस. म्या सांगतो त्यास्नी. पर लागलं न्हाई, तर म्या कोनत्या तोंडानं ठिवून घेऊ?"

आणि मॅडमनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "तुझ्यासाठी मी संचालक सरांशी बोलले आहे. दहावी झाली आहे तुझी, हात चांगला आहे, समजावून सांगतेस. ही ऑर्डर नीट पोचली तर नव्या बायकांना शिकवायला तुला केंद्रात घेतील. नाही पोचली तर केंद्रच बंद करा म्हणणारे पुष्कळ आहेत तिकडे."

म्हणजे शनिवारी टेम्पो गेला तर मी इथं. नाही गेला तर रविवारी सासरी, फडक्याखालच्या दुरडीसमोर. इतकं ते सरळ होतं.

आणि आई दारात पाय रोवून उभी होती.

*

"मावशी, उपाशी म्हणजे काय?" मॅडम चांगल्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "गोधडी आहे ती. तिला पोट नाही."

"ऊब देती न्हवं?"

"देते."

"मग? उपाशी मानसाला सोताला ऊब न्हाई ऱ्हात, तर ती दुसऱ्याला काय देनार?"

"पण मुंग्या लागतात हो."

"लागू द्या की. त्याबी जेवतील."

छबूकाकीला पुन्हा हसू आलं, तिला मी कोपर मारलं.

मॅडम विचार करून म्हणाल्या, "बरं, आपण असं करू. प्लास्टिकची एवढीशी पुडी घेऊ. तिच्यात दोन दाणे घालू, पुडी बंद करू आणि ती कोपऱ्यात शिवू. मुंगी नाही, कीड नाही. चालेल?"

आईनं मॅडमकडे असं बघितलं, जसं वेड्यागत बोलणाऱ्या लेकराकडे बघतात. "तोंड बांधून जेवायचं व्हय, मॅडम?"

इतर बायका उसवायला बसतील तर प्रश्न नव्हता. पण तिथंच खरी मेख होती. आमच्यात जिनं पहिला टाका घातला तिनंच शेवटचा कोपरा मिटायचा आणि तो उसवायचा झाला तर तिनंच. आईच्या हाताला यश आहे म्हणून आम्ही प्रत्येक गोधडीचा पहिला टाका तिच्याकडून घालून घेतला होता. मोठ्या कौतुकानं. आता ती हो म्हणेपर्यंत एकही बाई कोपऱ्याला हात लावायला तयार नव्हती. मी तिरीमिरीत कात्री उचलली, तर छबूकाकीनंच माझं मनगट धरलं. "नगं मुक्ते. आईच्या हातचं हाय."

"मग आईला सांगा की!"

"तूच सांग. तुझी आई हाय."

मी सांगितलं. आधी समजावून सांगितलं, मग विनवून सांगितलं, मग आरडाओरडा केला. "आये, तुला म्हाईत हाय न्हवं रवीवारी कोन येनार हाय? तुला गोधडीची कीव येती आन् माझी येत न्हाई?"

आईचा चेहरा पांढरा पडला. ती गोधड्यांच्या ढिगापाशी गेली, त्याला टेकून बसली आणि पदरानं कपाळ पुसत राहिली. उन्हं कलेपर्यंत तशीच. मॅडम दोनदा येऊन गेल्या. शेवटी म्हणाल्या, "मुक्ता, उद्या सकाळपर्यंत बघ काय होतं का. नाही तर मला हॉटेलवाल्यांना कळवावं लागेल." आणि मान खाली घालून गेल्या. मला मॅडमची दया आली आणि आईचा असा राग आला की डोळ्यांपुढं अंधारी आली.

*

घरी आल्यावर वहिनीनं ताटं वाढली. मी भिंतीकडे तोंड करून बसले.

"जेवून घे," आई म्हणाली.

"मला न्हाई जेवायचं."

"आगं, सकाळधरनं पोटात काय न्हाई तुझ्या."

"ऱ्हाऊ दे. तुझ्या गोधड्या जेवल्या न्हवं? बास झालं."

बोलले खरी. दादानं हातातला घास खाली ठेवला. वहिनी चुलीतलं लाकूड उगीचच मागंपुढं करायला लागली. आई उठली. मला वाटलं, आता एक ठेवून देणार. पण ती माझ्याजवळ येऊन बसली, अगदी गुडघ्याला गुडघा लावून, आणि मी पिशवीतून आणलेली ती लग्नातली गोधडी तिनं दांडीवरून ओढून मांडीवर घेतली.

"ह्यो कोपरा बघ," ती म्हणाली. "हात लाव. काय लागतंय?"

मी रागातच चाचपला. "काय न्हाई."

"कायच न्हाई. म्या घातलाच न्हाई." तिनं कोपरा मुठीत धरला. "तुझ्या वऱ्हाडाची गाडी भोंगा वाजवीत हुती. तुझा सासरा वराडत हुता, उशीर झाला, उशीर झाला. भाकरी व्हती गं घरात. दुरडी भरून व्हती. पर चुलीपतूर जायाला येळ न्हाई मिळाला. म्या तसाच कोपरा मिटला आन् तुझ्या पेटीवर टाकली. म्हनलं, पंचमीला आली की घालंन. दोन वर्सं त्यांनी तुला धाडलंच न्हाई, आन् आलीस ती अशी."

तिनं गोधडीवरची सुरकुती हातानं सारखी केली.

"रातच्याला मला झोप येत न्हाई मुक्ते. म्या माझ्या हातानं उपाशी गोधडी दिली तुला. आता आनिक कुनाला द्यायाची मला हिंमत न्हाई. कुनाची पोरगी झोपंल तिच्याखाली, कुनाला ठावं."

मला रडू येत होतं, आणि त्याहून जास्त काहीतरी येत होतं, त्याला काय म्हणतात मला अजून ठाऊक नाही. मी तिचा हात धरला. हात सुईनं टोचून टोचून खरबरीत झालेला.

"आये, मला गोधडीनं उपाशी न्हाई ठिवलं. मानसांनी ठिवलं."

"ते मला कळतं गं. येडी न्हाई मी." तिनं नाक पुसलं. "पर माझ्याकडनं जे ऱ्हायलं, ते ऱ्हायलंच की."

मी ताट ओढलं आणि जेवले. आई समोर बसून माझा घासन् घास बघत होती.

*

सकाळी जाग आली तेव्हा आई देवापुढं बसली होती. आमचा देव म्हणजे भिंतीतला एक कोनाडा आणि त्यात दोन टाक. आईनं ताटलीत भाकरी आणि गुळाचा खडा ठेवला, भोवती पाणी फिरवलं, डोळे मिटले, ताटली देवाच्या तोंडापुढं धरली. मग उठली, ताटली माझ्यापुढं ठेवली. "खा."

हे तर रोजचंच. मी घास मोडला. तोंडाकडे नेला. आणि थांबले.

"आये, देव जेवला?"

"जेवला की."

"मग ही भाकरी?"

"ती आपुन खायाची. परसाद हाय."

"मग तो जेवला कधी?"

"दावली न्हवं त्याला? दावली की तो जेवतो. येड्यागत काय इचारतीस सकाळी सकाळी?"

मी ताटली हातात घेऊन तिच्या समोर बसले. "तू देवाला दावतीस आन् आपुन खातो. देवाच्या पोटात काय तू भाकरी शिवून ठिवत न्हाईस. मग गोधडीला का ठिवतीस?"

आई कोनाड्याकडे बघत होती. दारात शेळी ओरडत होती, तिकडेही लक्ष नव्हतं. आता ती नाही म्हणाली असती तर माझ्याकडे पुढं काही उरलं नव्हतं.

"तोंडाला लावाया लागंल," शेवटी ती म्हणाली.

"लावू की. कोपरा उघडा हाय तवर लावू, मंग मिटू."

"हरेकीला."

"हरेकीला."

"एक भाकरी सगळ्यांना दावायची न्हाई. हरेकीचा घास येगळा. आन् तो कुनीतरी खायाचा, टाकायचा न्हाई."

"मी खाते."

"तू एकटी काय खातीस? पोट फुटंल." ती उठली, पदर खोचला आणि वहिनीला हाक मारली. "आगं, पीठ काढ. लई काढ. आज गोधड्या जेवनार हाईत."

वहिनीनं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता भांडी आदळणार. तिनं मुकाट्यानं पिठाचा डबा ओढला.

त्या दिवशी शेडमध्ये जे चाललं होतं ते बघून विद्यापीठातल्या शिपायानं विचारलं, लग्न आहे का? आई मधोमध बसलेली. एक एक गोधडी तिच्या मांडीवर यायची. ती स्वतःच्या हातानं कोपरा उसवायची, "राग धरू नगंस बाय," म्हणायची, आतला जुना घास काढून शेळीच्या टोपलीत टाकायची. शेळीनं त्या दिवशी जन्माचा गूळ खाल्ला. मग आम्ही गोधडी झटकायचो, उन्हात उलटीपालटी करायचो, ब्रश मारायचो. परत आणली की आई ताज्या भाकरीचा घास उघड्या कोपऱ्याला लावायची, क्षणभर थांबायची, आणि जी बाई जवळ असेल तिच्या तोंडात घालायची. मग कोपरा मिटायची.

दुपारपर्यंत सगळ्या बायका तुडुंब झाल्या. मॅडम पण सुटल्या नाहीत. "मावशी, आता खरंच एक घास जात नाही," त्या हात जोडून म्हणाल्या, तर आई म्हणाली, "मॅडम, ही जाडी गोधडी हाय, हिला भूक जास्ती." संचालक सर काय गोंधळ आहे म्हणून गाडीतून बघायला आले. त्यांच्या तोंडातही घास गेला. त्यांनी दुसरा मागून घेतला, कारण छबूकाकीनं घरून ठेचा आणला होता.

शनिवारी टेम्पो भरला. या वेळी हळदकुंकू लावायला आई स्वतः पुढं झाली. संध्याकाळी मॅडम ओढा ओलांडून थेट आमच्या घरी आल्या. हॉटेलवाल्यानं एकूण एक कोपरा दाबून बघितला होता आणि सगळ्या गोधड्या ठेवून घेतल्या होत्या. "मुक्ता," मॅडम म्हणाल्या, "सोमवारपासून ये." एवढंच म्हणाल्या. मी त्यांच्या गळ्यात पडले आणि त्यांची साडी भिजवून ठेवली.

*

रविवारी वहिनी भाकऱ्या थापत होती. आई उंबऱ्यात बसली होती. मांडीवर माझी लग्नातली गोधडी. तिनं कोपरा उसवला होता. वहिनीकडून ताज्या भाकरीचा चतकोर मागून घेतला, त्यात गुळाचा खडा दाबला.

"आये, परत?" मी म्हणाले.

"हिच्यात मातर घालनार," आई म्हणाली. "मुंग्या येऊ देत न्हाई तर हत्ती."

तेवढ्यात तिनं मान वर केली. ओढ्याच्या पलीकडून दोन पांढऱ्या टोप्या येत होत्या. सासरे आणि माझा चुलतदीर. दादा अंगणात उभा होता, त्यानं घसा खाकरला. ठरलं होतं, तो सांगणार होता. पण माणसं समोर दिसली की त्याच्या तोंडचं पाणी पळतं, हे आईला ठाऊक होतं.

"मुक्ते, बस जेवायला."

"आत्ता? आत्ताच तर च्या घेतला."

"बस म्हन्ते न्हवं! वाढ गं तिला."

मी पाटावर बसले. वहिनीनं भाकरी वाढली, पिठलं वाढलं. आई उंबऱ्यातच राहिली, सुई हातात, दार सगळं अडवून.

पाहुणे आले. दादानं घोंगडं अंथरलं, पाणी दिलं. सासऱ्यांनी टोपी सरळ केली. "येळ घालवत न्हाई," ते म्हणाले. "पोरीला न्यायला आलोय. झालं गेलं सोडून देऊ. तयारी करा तिची."

दादानं तोंड उघडलं. त्याच्या आधी आई बोलली, मान वर न करता.

"जेवतीया ती."

"असू दे. जेवू दे. आमी थांबतो."

"थांबा की."

ते थांबले. सुई वर जायची, खाली यायची. आतून सगळं ऐकू येत होतं. तरी मी खात राहिले. भाकरी संपली. ताट रिकामं झालं.

"मुक्ते," आईनं बाहेरूनच विचारलं, चांगलं खणखणीत, अंगणात ऐकू जाईल असं. "पोट भरलं का गं?"

दोन वर्षं रोज ऐकलेला प्रश्न. माझी जीभ आपोआप वळली, भरलं म्हणायला. मी वहिनीकडे बघितलं. दुरडी उघडी होती. भाकऱ्यांतून वाफ निघत होती.

"न्हाई," मी म्हणाले.

"वाढ गं तिला."

वहिनीनं दुसरी भाकरी वाढली. मी ती खाल्ली. बाहेर चुलतदीर पायानं माती उकरत होता. सासरे दादाशी पावसापाण्याचं बोलले, मग तेही संपलं.

"भरलं का?"

"न्हाई."

"वाढ."

तिसरी भाकरी वाढताना वहिनीनं वर तुपाची धार सोडली. आमच्या घरात तूप सणालाच निघायचं.

सासरे खाकरले. "किती येळ लागंल, इहीनबाई?"

आईनं पहिल्यांदा मान वर केली. "त्याचं काय हाय, इव्हाई," ती शांतपणे म्हणाली, "दोन वर्सांची भूक हाय. आन् जेवत्या मानसाला आमी उठवत न्हाई. ती आता हितंच जेवनार. उद्यापास्नं इद्यापीठात कामाला जानार, सोताच्या कमाईचं खानार. तुमी बसला तरी चालंल, गेला तरी चालंल."

दादानं एकदम छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाला, "आई म्हन्ती तसंच." एवढं म्हणायला त्याला बळ आलं.

सासरे उठले, धोतर झटकलं. "चला," चुलतदीराला म्हणाले.

"पानी पिऊन जावा," आई म्हणाली. ते प्याले आणि गेले. ओढ्याच्या पलीकडे दोन टोप्या लहान लहान होत गेल्या.

आईनं कोपरा मिटला. शेवटचा टाका ओढून गाठ मारली, दोरा दातानं तोडला आणि गोधडीवरून दोनदा हात फिरवला. मग आत आली, माझ्यासमोर उकिडवी बसली आणि या वेळी अगदी हळू विचारलं, "आता?"

"आता भरलं," मी म्हणाले.